ब्रायसीसच्या चौदा ओळी

ग्रीक पुराणकथा बाईच्या तोंडून सांगायची हल्ली लाटच आलीय, आणि बऱ्याच जणांना वाटतं की हे गेल्या दहा-पंधरा वर्षांतलं फॅड आहे. तसं नाहीये, धागा पार ट्रॉयच्या युद्धावरचं 'इलियड' हे महाकाव्य रचणाऱ्या होमरपर्यंत जातो.

ब्रायसीसचंच घ्या ना. त्या युद्धात ग्रीकांचा वीर अकिलीसने तिचं लिर्नेसस शहर लुटलं, नवऱ्याला मारलं, तीन सख्खे भाऊही गेले, आणि ही लुटीतला वाटा म्हणून त्याच अकिलीसच्या छावणीत आली. पुढे ग्रीकांचा सेनापती ॲगॅमेम्नॉनला आपल्या वाट्याची बंदिवान क्रायसीस परत करावी लागली म्हणून त्याने हिला उचलून नेलं, अकिलीस रुसून बसला आणि तिथून इलियड पेटलं. साडेपंधरा हजारांवर ओळी, आणि जिच्यावरून एवढं रामायण झालं ती बोलते एकदाच, एकोणिसाव्या सर्गात, मोजून चौदा ओळी! अकिलीसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस, त्याच्या प्रेतावर पडून रडते, म्हणते नवरा मेला तेव्हा तू मला रडूसुद्धा देत नव्हतास, अकिलीसशी लग्न लावून देतो म्हणायचास, कायम प्रेमाने वागलास. मग होमर जाता जाता सांगतो की बाकीच्या बायकाही रडल्या, निमित्त पॅट्रोक्लसचं, पण खरं तर जी ती आपापल्या दुःखाला रडत होती. पुढच्या सगळ्या कादंबऱ्यांचं बी मला इथेच दिसतं. (आपल्याकडे नाही का, जात्यावर बसलेल्या बायका सीतेचा वनवास गाता गाता स्वतःचंच सांगून घ्यायच्या.)

इ.स.पू. 415 मध्ये युरिपिडीसने 'द ट्रोजन विमेन'मध्ये हरलेल्या ट्रॉयच्या बायका स्टेजवर आणल्या, कोण कुणाच्या वाट्याला जाणार याची वाट बघत बसलेल्या, अर्थात करणारे नट सगळे पुरुषच. नंतर रोमन कवी ओव्हिडने 'हेरॉइडीज'मध्ये पुराणातल्या बायकांची पत्रं लिहिली, त्याला आता दोन हजार वर्षं झाली. त्यात ब्रायसीसचंही पत्र आहे, सुरुवातीलाच म्हणते की माझं ग्रीक कच्चं आहे, परकीच ना मी, आणि हे डाग दिसतायत ते अश्रूंचे.

आधुनिक काळात 1983 ला पूर्व जर्मनीच्या क्रिस्टा वोल्फची 'कासांद्रा' ही ट्रॉयच्या राजकन्येवरची कादंबरी आली, 2005 ला मार्गारेट ॲटवुडने ग्रीक वीर ओडिसियसच्या बायकोला, पेनेलपीला, आणि फाशी दिलेल्या तिच्या बारा दासींना बोलतं केलं. ब्रायसीसचं म्हणाल तर 2018 ला आलेल्या पॅट बार्करच्या 'द सायलेन्स ऑफ द गर्ल्स'मध्ये ती पुस्तकभर बोलते. म्हणजे जवळजवळ पुस्तकभर, कारण मधे काही प्रकरणं अकिलीसच्या बाजूने जातातच, आणि ते मला जाम खटकलं.