उठलाच नाही की उठताना कोसळला?

लॅपटॉपचं झाकण उघडलं, पंखा फिरतोय, दिवा लागलाय, पण स्क्रीन काळीच. किंवा डेस्कटॉप जागा करायला कीबोर्डचं बटण दाबलं आणि मशीन थेट कंपनीचा लोगो दाखवत नव्याने सुरू झालं, उघडी ठेवलेली कामं सगळी गेली. तक्रार दोन्ही वेळा एकाच शब्दांत सांगितली जाते: स्लीपमधून उठताना क्रॅश होतो. दुरुस्तीवाल्याचा उपायही बहुधा एकच, फॉरमॅट. मला हे पटत नाही, कारण पहिल्या प्रकारात बऱ्याचदा क्रॅश झालेलाच नसतो.

म्हणून काळी स्क्रीन दिसली की लगेच पॉवर बटण दाबून धरू नका. आधी कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर विंडोज जागं आहे, फक्त चित्र येत नाही. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. याने ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ग्राफिक्सचं हार्डवेअर चालवायला मदत करणारं सॉफ्टवेअर, नव्याने सुरू होतो. बीप ऐकू येते, स्क्रीन क्षणभर लुकलुकते. चित्र परतलं तर संशयित सापडलाच: ग्राफिक्सचा ड्रायव्हर. तो लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून घ्या, सोबत बायोसचं, म्हणजे मशीन सुरू होताना सर्वात आधी चालणाऱ्या सॉफ्टवेअरचं, अपडेट आहे का तेही पाहा. डेस्कटॉप असेल तर मॉनिटर एकदा बंद-चालू करून बघा, कधी कधी झोपलेला तोच असतो. अशा वेळी रॅम बदलणं म्हणजे पैसे पाण्यात.

कॅप्स लॉकही ढिम्म असेल किंवा मशीन आपोआप रीस्टार्ट झालं असेल, तर प्रकार दुसरा. आता विंडोजमधल्या घडामोडींच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडायचा, विंडोज लॉग्जमधल्या सिस्टिममध्ये जायचं. तिथे कर्नल-पॉवर ४१ अशी लाल नोंद दिसेल आणि बहुतेक लोक तिथेच फसतात. ४१ चा अर्थ इतकाच, की मशीन मागच्या वेळी नीट बंद झालं नव्हतं. काळ्या स्क्रीनला कंटाळून तुम्हीच बटण दाबून धरलं असेल तरी हीच नोंद होते! खरी माहिती तिच्या डिटेल्समध्ये, बगचेककोडपुढच्या (BugcheckCode) आकड्यात असते.

तिथे १५९ असेल तर एखाद्या ड्रायव्हरने झोपण्या-उठण्याच्या आदेशाला वेळेत उत्तर दिलेलं नाही. हाच आकडा निळ्या स्क्रीनच्या संदर्भात षोडशमान पद्धतीने ९एफ असा लिहिला जातो, त्यामुळे इंटरनेटवर १५९ शोधून फारसं हाती लागत नाही. वायफाय, ग्राफिक्स आणि यूएसबीला लावलेली उपकरणं, या क्रमाने तपासा. विंडोजच्या फोल्डरमध्ये मिनीडंप, म्हणजे क्रॅशची माहिती साठवलेली छोटी फाइल, असेल तर त्यात ड्रायव्हरचं नाव मिळण्याची चांगली शक्यता असते.

शून्य असेल तर काम अवघड. विंडोजला काही नोंदवायची संधीच मिळालेली नाही. त्याच डिटेल्समध्ये पॉवरबटनटाइमस्टँपपुढे (PowerButtonTimestamp) शून्याऐवजी मोठा आकडा असेल तर बटण दाबून धरलं गेलं होतं. तसं नसेल तर मशीन जागच्या जागी गोठलं असेल किंवा वीज तुटली असेल. साध्या स्लीपमध्ये रॅमला एसएमपीएसकडून, म्हणजे डेस्कटॉपच्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून, थोडी वीज मिळत राहते. यूपीएस नसताना ती क्षणभर गेली तरी रॅममधलं सगळं पुसलं जातं आणि सकाळी आपण त्याला क्रॅश म्हणतो. आपल्याकडे पावसाळ्यात ही शक्यता आधी तपासावी. तिसरं कारण सहज लक्षात येत नाही: एसएसडीच, म्हणजे फाइली साठवणारी डिस्कच, जागी झाली नाही, तर क्रॅशची माहिती लिहायची कुठे? माउस हलतोय, पण काही उघडायला गेलं की अडकतंय, आणि मिनीडंपही नाही, असं असेल तर एसएसडीच्या आतलं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, पाहा.

अजूनही उलगडा होत नसेल तर काही दिवस स्लीपऐवजी हायबरनेट वापरून बघा. हायबरनेटमध्ये रॅममधला मजकूर डिस्कवर उतरवून मशीन पूर्ण बंद होतं. ते नीट उठतंय आणि स्लीपच फसतंय, तर रॅम किंवा बायोसवर संशय घ्या. रॅमचा वेग एक्सएमपीने, म्हणजे बायोसमधल्या वेग वाढवण्याच्या सोयीने, वाढवलेला असेल तर तो मूळ पातळीवर आणा. दोन्ही फसत असतील तर ड्रायव्हरकडे बोट जातं, कारण उपकरणं झोपवणं-उठवणं दोन्हींत आहेच. नव्या लॅपटॉपमध्ये मात्र बहुधा मॉडर्न स्टँडबाय असतं, त्यात मशीन पुरतं झोपतच नाही. आपल्याकडे कोणता प्रकार आहे ते कमांड प्रॉम्प्टवर पॉवरसीएफजी स्लॅश ए (powercfg /a) दिलं की कळतं.

लिनक्सवाल्यांसाठी पीएम ट्रेस (pm_trace) नावाची सोय आहे: उठताना गाडी कुठे अडली ते त्यावरून काढता येतं. ते वापरल्यावर तारीख-वेळ चुकलेली दिसली तर घाबरू नका. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आपली खूण घड्याळाच्या चिपमध्येच लिहून ठेवतो.