प्रसंगाधारित प्रोजेक्ट मॅनेजमेंट परीक्षा आणि तिची तयारी

प्रोजेक्ट मॅनेजरला प्रमाणपत्र देणाऱ्या काही परीक्षांत सरळ व्याख्या विचारत नाहीत, चार-पाच ओळींचा एक प्रसंग सांगतात आणि आता प्रोजेक्ट मॅनेजरने काय करायला हवं असं विचारतात. अशी परीक्षा म्हणजे प्रसंगाधारित परीक्षा, बोलताना सगळे सिनॅरियोवाला पेपर म्हणतात. आपल्याकडे जास्त माहीत असलेल्या दोन म्हणजे अमेरिकेतल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटची (पीएमआय, स्थापना 1969) पीएमपी, आणि ब्रिटिश सरकारी कामकाजातून वाढलेली प्रिन्स-टू, तिची वरची पायरी प्रॅक्टिशनर. गोव्यात या परीक्षांकडे वळणारे लोक मिश्र आहेत, वेर्णे-कुंडईच्या कारखान्यांतले, वास्कोला जहाजबांधणीतले, बांधकाम आणि हॉटेलांच्या साइटवरचे, आणि पुण्या-बेंगळुरूच्या कंपनीचं काम पर्वरी-म्हापशात घरून करणारे आयटीवाले.

उगम

प्रसंग सांगून निर्णय विचारायची पद्धत नेमकी कुठून आली याबद्दल मतं वेगवेगळी आहेत. एक मत केस मेथडकडे बोट दाखवतं. हार्वर्डच्या लॉ स्कूलमध्ये लँगडेल यांनी 1870 च्या सुमारास खटले वाचून कायदा शिकवायला सुरुवात केली आणि 1920 च्या दशकात तिथल्याच बिझनेस स्कूलने ती पद्धत धंद्याच्या प्रश्नांना लावली. पण केस मेथड ही शिकवायची पद्धत आहे, तिच्यात एकच बरोबर उत्तर नसतं, वर्गात वाद होणं हाच तिचा हेतू असतो, त्यामुळे चार पर्यायांतला एक निवडायच्या पेपरची ती लांबची नातेवाईक म्हणता येईल, त्याहून जास्त नाही. दुसरं मत इन-बास्केट चाचणीचं. 1950 च्या दशकात एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसमध्ये नॉर्मन फ्रेडरिकसन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन हवाई दलासाठी ती तयार केली, उमेदवारासमोर अधिकाऱ्याच्या टेबलावरची पत्रं-मेमो ठेवायचे आणि कशाचं काय करतो ते बघायचं. तिसरं मत वैद्यकीय परीक्षांचं, 1960 च्या दशकात अमेरिकेत डॉक्टरांच्या लायसन्स परीक्षेत कागदावरचा पेशंट देऊन पुढची तपासणी कुठली असं विचारायला लागले होते.

या तिन्हींपेक्षा जवळचा धागा मानसशास्त्रात ज्याला सिच्युएशनल जजमेंट टेस्ट म्हणतात त्याचा वाटतो. 1926 च्या आसपास आलेल्या जॉर्ज वॉशिंग्टन सोशल इंटेलिजन्स टेस्टमध्ये प्रसंग आणि पर्याय अशी रचना आधीच दिसते, आणि 1990 मध्ये मोटोविडलो, डनेट व कार्टर यांच्या लेखानंतर नोकरभरतीत हा प्रकार जोरात परत आला. इथे एक तांत्रिक भेद आहे तो तयारी करणाऱ्याने नीट समजून घ्यावा, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. अशा चाचण्यांत दोन तऱ्हेने विचारता येतं, ‘तुम्ही काय कराल’ किंवा ‘काय करायला हवं’. पहिल्यात माणसाचा कल मोजला जातो, दुसऱ्यात ज्ञान. पीएमपी आणि प्रिन्स-टू दोन्ही दुसऱ्या जातीच्या आहेत, प्रश्न वाचताना पहिल्या जातीच्या वाटतात तेवढंच. पंधरा-वीस वर्षं साइट सांभाळलेला अनुभवी माणूस अडखळतो तो बहुतेक इथेच, त्याला विचारलेलं असतं काय करायला हवं आणि तो मनापासून सांगतो मी काय करतो.

प्रिन्स-टूची वंशावळ त्या मानाने स्पष्ट आहे. 1975 मध्ये सिम्पॅक्ट सिस्टिम्स या कंपनीने प्रॉम्प्ट नावाची पद्धत काढली, ब्रिटिश सरकारच्या सीसीटीए या कॉम्प्युटर खात्याने ती 1979 मध्ये उचलली, 1989 ला प्रिन्स आणि 1996 ला प्रिन्स-टू झाली. सातवी आवृत्ती 2023 ची, आता मालकी पीपलसर्टकडे. प्रॅक्टिशनरचा पेपर पूर्वी लांबलचक उत्तरं लिहायचा होता, साधारण 2007 च्या सुमारास तो पर्याय निवडायचा झाला. पीएमपी 1984 पासून आहे. तिचं पाठांतराकडून प्रसंगाकडे सरकणं हळूहळू झालं, पण ठळक वळण जानेवारी 2021 चं मानायला हरकत नाही.

स्वरूप

2021 च्या आराखड्याप्रमाणे पीएमपीत 180 प्रश्न आणि 230 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला साधारण 77 सेकंद. यातले 5 प्रश्न मार्कांत धरत नाहीत, ते पुढच्या पेपरांसाठी चाचपून बघितलेले असतात, पण कुठले ते कळत नाही. माणसांशी संबंधित 42 टक्के, प्रक्रियेचे 50 आणि व्यवसायाच्या वातावरणाचे 8. निम्मे प्रश्न आधी पूर्ण आखून करायच्या कामाचे, निम्मे अजाइल (काम छोट्या टप्प्यांत, बदल सामावत करायची पद्धत) किंवा मिश्र पद्धतीचे. दर 60 प्रश्नांनंतर दहा मिनिटांचा ब्रेक मिळतो, घेतला की मागच्या प्रश्नांकडे परत जाता येत नाही. प्रिन्स-टू प्रॅक्टिशनरला सातव्या आवृत्तीत 70 प्रश्न, 150 मिनिटं आणि पास व्हायला 60 टक्के, अधिकृत पुस्तक जवळ ठेवून लिहायचा पेपर. त्यात सुरुवातीलाच एका प्रोजेक्टची हकिकत दिलेली असते आणि प्रश्न तिच्यावर बेतलेले असतात, पीएमपीत प्रत्येक प्रश्नाचा प्रसंग बहुतेक वेगळा.

पास व्हायचा टक्का पीएमआय जाहीर करत नाही. 61 टक्के हा आकडा अजून सगळीकडे फिरतो तो जुन्या परीक्षेचा, त्यावर हिशेब मांडू नये. प्रमाणपत्र परीक्षांत कटऑफ ठरवायला अँगॉफ पद्धत पुष्कळ वापरतात. जाणकारांची एक समिती प्रत्येक प्रश्न वाचते आणि जेमतेम पात्र असलेल्या शंभर उमेदवारांतल्या किती जणांना हा बरोबर येईल याचा अंदाज देते, त्या अंदाजांची सरासरी म्हणजे रेघ. पद्धत विल्यम अँगॉफ यांच्या 1971 च्या लेखावरून ओळखली जाते, पण त्यांनी स्वतः तळटीपेत कल्पनेचं श्रेय लेडयार्ड टकर यांना दिलंय, ते बहुतेक ठिकाणी गाळलं जातं म्हणून इथे नोंदवतो.

एक नमुना प्रश्न

या नोंदीसाठी रचलेला प्रसंग असा. मांडवीच्या काठावर एक छोटी जेटी बांधायचीय, पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात धरून पायलिंग (पायासाठी खांब रोवणं) मे अखेरपर्यंत संपवायचं ठरलंय. मेच्या मध्यावर ठेकेदार फोन करतो की तरंगती क्रेन दहा दिवस उशिरा येणार. क्रेन उशिरा येण्याची शक्यता रिस्क रजिस्टरमध्ये, म्हणजे संभाव्य धोक्यांच्या नोंदवहीत, आधीच लिहिलेली आहे, काय करायचं तेही ठरलेलं आहे. प्रोजेक्ट मॅनेजरने आधी काय करायला हवं? पर्याय: स्पॉन्सरला (प्रोजेक्टला पैसा आणि पाठबळ देणाऱ्याला) सांगून मुदतवाढ मागणं, चेंज रिक्वेस्ट (ठरलेल्या योजनेत बदलाची रीतसर मागणी) टाकणं, रजिस्टरमध्ये ठरलेला उपाय अमलात आणणं, दुसरा ठेकेदार बघणं.

साइटवरचा कुणीही चौथा पर्याय घेईल, कारण गोव्यात पाऊस कुणासाठी थांबत नाही आणि मेच्या मध्यावर क्रेन नाही म्हणजे काम थेट ऑक्टोबरवर गेलं हे त्याला माहीत असतं. पीएमपीत उत्तर तिसरं, आणि ते ठरतं फक्त एका वाक्यावर, रजिस्टरमध्ये उपाय आधीच ठरलाय या. ते वाक्य काढून टाका, मग क्रेनचा उशीर हा समोर आलेला इश्यू झाला, तो नोंदवून त्याचा वेळेवर आणि खर्चावर परिणाम काय ते तपासणं पहिलं, आणि चारही पर्यायांत ते नसेल तर त्याच्या सगळ्यात जवळचं कुठलं ते शोधायचं. आता तोच प्रसंग प्रिन्स-टूत न्या. तिथे पहिला सवाल टॉलरन्सचा. या टप्प्याला दोन आठवडे इकडेतिकडे चालतील असं ठरलं असेल तर मॅनेजरने स्वतः मार्ग काढायचा, एकच आठवडा असेल तर मर्यादा ओलांडली जाणार, म्हणून विषय एक्सेप्शन म्हणून प्रोजेक्ट बोर्डाकडे न्यायचा, स्वतः परस्पर निर्णय घेणं चूक. क्रेन तीच, दिवस तेवढेच, पण निर्णय कुणाच्या अधिकारातला हे बदललं.

हे जमायला लागलं की तयारीचा मोठा भाग झाला. प्रसंगात उत्तर फिरवणारी एक गोष्ट असते, बाकीची वाक्यं भरीची असतात, ती गोष्ट शोधायची सवय लावणं हाच खरा अभ्यास, आणि ‘फर्स्ट’, ‘नेक्स्ट’, ‘बेस्ट’ यातलं नेमकं काय विचारलंय ते शेवटच्या ओळीत आधी बघून मग प्रसंग वाचणं बऱ्याच जणांना फायद्याचं पडतं.

तयारी

पीएमपीला अर्ज करायला चार वर्षांची पदवी असेल तर प्रोजेक्ट चालवल्याचा 36 महिन्यांचा अनुभव, बारावीपर्यंत शिक्षण असेल तर 60 महिन्यांचा, शिवाय 35 तासांचं प्रशिक्षण लागतं. अनुभव लिहिताना कामाचं वर्णन नीट करावं, काही अर्ज पडताळणीला निवडले जातात.

पुस्तकांचा गोंधळ मात्र खरा आहे. पीएमबॉक गाइड या पीएमआयच्या मुख्य पुस्तकाच्या 2017 च्या सहाव्या आवृत्तीत 49 प्रक्रिया होत्या, 2021 च्या सातव्या आवृत्तीने त्या मुख्य मांडणीतून काढून 12 तत्त्वं आणली. त्यामुळे एक मित्र म्हणतो प्रक्रिया पाठ कर, दुसरा म्हणतो गरज नाही. परीक्षा पुस्तकावर बांधलेली नसून परीक्षेच्या आराखड्यावर बांधलेली असते, तेव्हा आधी तो आराखडा वाचावा आणि सहावी आवृत्ती संदर्भासाठी जवळ ठेवावी, प्रक्रियांचा क्रम मनात बसला की ‘आधी काय’ हे प्रश्न सोपे जातात. अजाइलसाठी 2017 ची अजाइल प्रॅक्टिस गाइड पुरेशी आहे. सूत्रांची भीती बाळगू नये, सीपीआय (खर्चाचा निर्देशांक) म्हणजे ईव्ही (झालेल्या कामाची ठरलेली किंमत) भागिले एसी (प्रत्यक्ष खर्च), एकाच्या खाली गेला की खर्च जास्त होतोय, बहुतेक वेळा एवढा अर्थ लावता आला तरी भागतं.

सराव पेपर सोडवताना मार्कांपेक्षा चुकांची वही महत्त्वाची. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे प्रसंगातलं कुठलं वाक्य नजरेतून सुटलं ते एका ओळीत लिहावं, आणि बरोबर आलेल्या पण अंदाजाने मारलेल्या प्रश्नांनाही तेच करावं. दोन-तीन आठवड्यांत दिसायला लागतं की आपण एकाच जागी चुकतोय, कुणी सारखा स्पॉन्सरकडे धावतो, कुणी टीमला न विचारता निर्णय घेतो.

पेपर मराठीत मिळत नाही, कोकणीतही नाही. पण चर्चा आपल्या भाषेत करावी, जेटीचा वरचा प्रश्न मराठीत कुणाला तरी समजावून सांगता आला तर तो कळला. पणजीत पाटोला कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररी आहे, घरात शांतता नसेल त्यांनी तिथे बसावं. चर्चेला इथलेच प्रोजेक्ट घ्यावेत. नवीन झुआरी पुलाची एक बाजू डिसेंबर 2022 ला आणि दुसरी डिसेंबर 2023 ला खुली झाली, फायदा टप्प्याटप्प्याने हातात देणं म्हणजे काय हे यावरून चटकन समजतं. 1986 ला पणजीचा मांडवी पूल कोसळला, त्यावर गुणवत्ता आणि देखभालीची चर्चा करता येते. स्टेकहोल्डरच्या (कामाशी ज्यांचा संबंध येतो अशा लोकांच्या) प्रश्नांत तर गोंयकाराला अनुभव उपयोगी पडतो, पंचायत, ग्रामसभा, कोमुनिदाद (गावच्या सामाईक जमिनीची संस्था) आणि सीआरझेडची (किनारपट्टी नियमांची) परवानगी देणारे यांच्याशी आधीपासून बोलत राहिलं नाही तर काम कुठे अडतं हे त्याने पाहिलेलं असतं, आणि परीक्षेलाही तेच उत्तर हवं असतं.

वेळापत्रकात चवथीचे दिवस रिकामे धरावेत, घरात पाहुणे आणि माटोळीची गडबड असताना अभ्यास होत नाही. परीक्षा घरून ऑनलाइन देणार असाल तर जून-जुलै शक्यतो टाळावा. खोलीत दुसरं कुणी चालत नाही, टेबल रिकामं लागतं, कॅमेरा चालू असतो, आणि पावसात वीज गेली की इंटरनेटही जातं. लॅपटॉपला बॅटरी असते पण राउटर विसरला जातो, तो इन्व्हर्टरवर घेऊन एकदा मेन स्विच बंद करून तपासावा. नाहीतर परीक्षा केंद्राचा पर्याय आहे, गोव्याबाहेर जावं लागलं तर आदल्या दिवशी पोचून राहणं बरं.

निकाल आणि पुढे

पीएमपीत प्रत्येक विभागाला टक्क्यांऐवजी श्रेणी मिळते, नापास झाल्यास कुठल्या विभागात कमी पडलो ते तिच्यावरून कळतं आणि पुन्हा बसता येतं. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, त्या काळात 60 पीडीयू (पुढचं शिक्षण आणि व्यावसायिक काम यांचे गुण) जमवून ते नवीन करून घ्यावं लागतं.