कॅन्सर नर्सिंगमधलं संशोधन-प्रशिक्षण

कॅन्सर वॉर्डातल्या सिस्टरला संशोधक बनवायचं म्हणजे रोज पेशंटजवळ उभं राहून जे दिसतं त्यातून प्रश्न काढायला, तो मोजता येईल असा मांडायला आणि मिळालेलं उत्तर परत वॉर्डात वापरायला तिला शिकवायचं. दुसऱ्याच्या अभ्यासाचे फॉर्म भरायला लावणं हे प्रशिक्षण नव्हे, पण आपल्याकडे त्यालाच बऱ्याचदा 'नर्सिंग रिसर्च' म्हणतात.

असं व्हायला कारणही आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे भारतातले मोठे अभ्यास नर्सेसच्याच हातांवर उभे राहिले. तमिळनाडूत दिंडीगुलला ट्रेनिंग घेतलेल्या नर्सेसनी गर्भाशयमुखाला ॲसिटिक ॲसिड (व्हिनेगरमधलं आम्ल, त्याने बिघडलेला भाग पांढरा दिसतो) लावून तपासण्या केल्या आणि या कॅन्सरचे मृत्यू ३५ टक्क्यांनी घटल्याचं २००७ साली छापून आलं. उस्मानाबाद जिल्ह्यातला १,३१,७४६ बायकांचा अभ्यास २००९ सालचा, त्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टने (हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूच्या तपासणीने) मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पण दोन्हीकडे प्रश्न ठरवणारे दुसरेच होते.

शिक्षणाची वाट तशी आखलेली आहे. बीएस्सी नर्सिंगला रिसर्च आणि स्टॅटिस्टिक्सचा विषय असतो, एमएस्सीला प्रबंध, आणि पीएचडीसाठी २००५ पासून नॅशनल कन्सॉर्टियम, म्हणजे नर्सिंगमधल्या पीएचडीची देशपातळीवरची सामायिक व्यवस्था. शिवाय एथिक्स कमिटीची परवानगी, पेशंटला कळेल अशा भाषेतली संमती, आणि क्लिनिकल ट्रायल असेल तर २००७ साली सुरू झालेल्या सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी. हे सगळं वर्गात शिकवता येतं. प्रश्न काढणं मात्र वॉर्डातच शिकावं लागतं.

गोव्यातलंच उदाहरण घेऊया. केमोने तोंड येतं, म्हणजे तोंडात फोड येऊन आग होते, ते किती आलंय हे जागतिक आरोग्य संघटनेच्या ० ते ४ ग्रेडच्या मापाने मोजतात. फोड आहेत पण घट्ट अन्न जातंय तर ग्रेड २, फक्त पातळ जातंय तर ग्रेड ३. आता पेडण्याची एखादी आजी सांगते, "पेज तेवढी जाता गो बाय". पेज घट्ट की पातळ? शितं खाल्ली की नुसती निवळ प्याली? एक सिस्टर २ लिहिणार, दुसरी ३, आणि मग महिनाभराच्या डेटावर कितीही स्टॅटिस्टिक्स चालवा, काय उपयोग? हे बाहेरून आलेल्या संशोधकाच्या डोक्यातही येणार नाही, सिस्टरला मात्र पेज माहीत असते, म्हणून मोजमाप सुरू करायच्या आधी शितं आणि निवळ वेगळी विचारायची हा नियम तीच घालू शकते.

भाषेचंही तेच. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) कोकणी बोलणारे येतात, मराठी बोलणारे येतात, सिंधुदुर्गातून सावंतवाडी-दोडामार्गचे मालवणी बोलत येतात. एक म्हणतो "लासता", दुसरा "आग होते", तिसरा काहीच न बोलता तोंडावर हात धरतो. त्यामुळे प्रश्नावली नुसती भाषांतर करून चालत नाही, दुसऱ्या माणसाकडून ती परत मूळ भाषेत आणून ताडून बघावी लागते आणि आधी चार-पाच पेशंटांवर चालवून बघावी लागते. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळलं तर पुढचं सगळं फुकट.

उत्तरं मात्र कधीकधी अगदी साधी निघतात. फाइव्ह-एफयू या केमोच्या औषधाचं इंजेक्शन देताना पाच मिनिटं आधीपासून अर्धा तास तोंडात बर्फ धरला तर तोंड कमी येतं, कारण थंडीने रक्तवाहिन्या आवळतात आणि औषध तिथे कमी पोचतं. हे आता सिद्ध झालेलं आहे. पण दात शिवशिवणारा पेशंट अर्धा तास बर्फ धरेल का, दहा मिनिटांत थुंकला तर काय, हे शोधायचं काम सिस्टरचंच.

खरी अडचण वेळेची. नाइट ड्युटी करून आलेल्या बाईला दुपारी डेटा एंट्रीला बसवलं तर चुका होणारच, म्हणून चांगल्या प्रशिक्षणात आठवड्यातले काही तास ड्युटी चार्टवरच संशोधनासाठी लिहिलेले असतात आणि त्या तासांना वॉर्डात बदली सिस्टर दिलेली असते. तसं नसेल तर एमएस्सीचा प्रबंध बाइंडिंग करून कपाटात जातो, आणि वॉर्डात पेजेची ग्रेड अजून अंदाजानेच लिहिली जाते.