झाकणांचं शिल्प

बडोद्यात शिल्पकला आणि प्लास्टिकचा शेजार जुना आहे. १९५० साली सयाजीराव विद्यापीठात ललित कला विद्याशाखा सुरू झाली आणि शंखो चौधुरींनी तिथला शिल्प विभाग घडवला. १९६९ साली स्थापन झालेल्या आयपीसीएल या तेव्हाच्या सरकारी पेट्रोकेमिकल कंपनीने पुढे शहरालगत पॉलिमरचे, म्हणजे प्लास्टिकच्या कच्च्या मालाचे, कारखाने उभारले. टाकाऊ प्लास्टिकचं शिल्प याच गावात, त्या पदार्थाचा स्वभाव ओळखून घडावं, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात निवडण्यापासून. दांडिया बाजारातल्या कुठल्याही घरातली पाण्याची बाटली घ्या, झाकणासकट तुकडे करून बादलीत टाका. बाटली पेट नावाच्या प्लास्टिकची, तिची घनता १.३८ (पाण्याची १), ती तळाशी जाते. झाकण बहुधा एचडीपीई या दुसऱ्या प्लास्टिकचं, घनता ०.९५च्या आसपास, ते तरंगतं. झाकण १३० अंश सेल्सिअसला वितळतं, पेटला २५० लागतात. एकत्र तापवून दोन्ही बिघडतात. चुकून पीव्हीसी हे पाइपांचं प्लास्टिक मिसळलं तर हायड्रोजन क्लोराइड हा जाचक वायू सुटतो. घरच्या ओव्हनमध्ये हे कुणीही करू नये.

झाकणांचा वितळलेला चुरा काकवीहून कितीतरी दाट असतो, त्यामुळे रंग आपोआप एकजीव होत नाहीत. दोन-चार घड्या घातल्या की लाल-निळ्या शिरा उमटतात. जास्त मळलं की सगळं मळकट राखाडी. कुठे थांबायचं ते हातालाच कळावं लागतं.

खरी परीक्षा निवताना. एचडीपीईच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या थंड होताना ओळीने रचल्या जातात, त्यांचे स्फटिक बनतात आणि आकारमान जवळजवळ पाचव्या हिश्श्याने घटतं. त्यात हा पदार्थ उष्णतेचा मंद वाहक, ब्राँझच्या सुमारे शंभराव्या हिश्श्याइतका. जाड ठोकळ्याची साल आधी घट्ट होते, गाभा मागाहून आकसतो आणि पोटात पोकळी राहते. अर्धं काम झाल्यावर पटाशीखाली ती उघडी पडली, तर सगळी मेहनत वाया. म्हणून ठोकळा दाबाखाली ठेवून सावकाश निवू द्यायचा. इथे घाई चालत नाही.

कोरताना पडणारा कीस मात्र गोळा करायलाच हवा. तो नाल्यात गेला तर आपणच मायक्रोप्लास्टिक तयार केलं. साच्यात गेला तर पुन्हा कामाला येतो.

कमाटीबागेसारख्या सार्वजनिक बागेत, उघड्यावर, ऊन या साखळ्या तोडतं आणि शिल्प ठिसूळ होतं. दोन-अडीच टक्के कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी काळी पूड, मिसळलं तर ते अतिनील किरण शोषून घेतं, पण त्या सुंदर शिरा काळ्या रंगात बुडतात. रंगीत शिल्पं छपराखालीच ठेवावीत.