गाठ फोडून बघा, मामा

जुलैअखेरीस औशाकडच्या मामाचा फोटो आला. उपटलेलं सोयाबीन, मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी. खाली मजकूर: "मुळ्याला गाठी झाल्यात बघ. कशाची आळवणी करू?" दुकानदाराने सूत्रकृमी, म्हणजे मुळात शिरणारे सूक्ष्म जंत, म्हणून बाटली काढूनही ठेवली होती. मी म्हटलं, बाटली राहू द्या, आधी एक गाठ नखाने फोडा. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ती सुटून येत नाही. ही टचकन सुटली. पाच मिनिटांत निरोप: "आतून लालसर हाय की!" म्हणजे रोगाच्या नव्हेत, कामाच्या गाठी.

या गाठींत हवेतला नत्र धरला जातो, एवढं जर्मनीत हेलरीगल आणि विल्फार्थ या शास्त्रज्ञांनी दाखवलं होतं. धरणारे जिवाणू १८८८ मध्ये वेगळे करून वाढवले ते डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मार्टिनस बायरिंक यांनी. तेव्हा ते डेल्फ्टच्या यीस्ट कारखान्यात नोकरीला होते. तापट माणूस, विद्यार्थी टरकून असत. आज बियाण्याला चोळतात त्या रायझोबियम जिवाणूंच्या पाकिटाचं मूळ या कामात आहे.

आता तो लाल रंग. हवेत ७८ टक्के नत्र, पण त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले. युरियासाठी लागणारा अमोनिया करताना कारखान्यात हा बंध तोडायला ४००-५०० अंश तापमान आणि हवेच्या शंभर-दोनशे पट दाब लागतो. गाठीत तेच काम नायट्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) मातीच्या तापमानाला करतं. नत्राच्या एका रेणूमागे आठ इलेक्ट्रॉन आणि निदान १६ एटीपी (पेशीत ऊर्जा पुरवणारे रेणू) खर्ची पडतात. इथेच पेच आहे. एवढे एटीपी करायला जिवाणूला श्वास हवा, म्हणजे ऑक्सिजन हवा. आणि ऑक्सिजन लागला की नायट्रोजिनेज कायमचं निकामी. मग गाठीत लेगहिमोग्लोबिन तयार होतं, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं भावंडच. ते ऑक्सिजन घट्ट धरून जिवाणूंना पुरेल इतकाच हळूहळू सोडतं, मोकळा फिरू देत नाही. म्हणून गाठ लाल असेल तर काम चालू, हिरवट झाली तर संपलं. भरमसाट युरिया टाकला तर झाड गाठी धरायचाच कंटाळा करतं.

मामाच्या बांधावर काळी बाहुली टांगलेली आहे, पिवळ्या मोझॅकने पान पिवळं पडू नये म्हणून. हा रोग विषाणूचा, पसरवते पांढरी माशी. ती बाहुलीला भीत नाही. गंमत म्हणजे विषाणूची कल्पनाही बायरिंक यांच्याकडेच जाते. तंबाखूच्या मोझॅकचा रस जिवाणू अडवणाऱ्या चिनीमातीच्या गाळणीतून गेला तरी रोग लावतो, हे रशियन शास्त्रज्ञ इव्हानोव्स्कीने १८९२ मध्ये पाहिलं होतं. बायरिंक यांनी १८९८ मध्ये पुढचं सांगितलं: हे जे काही आहे ते फक्त जिवंत, वाढत्या पेशीतच वाढतं. त्यांचे वडील तंबाखूचे व्यापारी होते, धंद्यात बुडालेले.

मामाला एवढं सगळं सांगितलं नाही. पुढच्या पेरणीला १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम पाकीट, बुरशीनाशक आधी लावून, मग हे चोळून सावलीत वाळवा, इतकंच सांगितलं.

"आणि उरलेलं हरभऱ्याला लावू का?"

"नाही. हरभऱ्याचा जिवाणू वेगळा."

"का बरं? दोन्हीला गाठीच येतात की."

मुळातून पाझरणारी रसायनं पिकागणिक वेगळी, आणि आपली खूण पटली तरच जिवाणू आत शिरतो, हे फोनवर समजावता समजावता मामाची मोटार सुरू झाली आणि ते पाणी बघायला गेले.