मेंढ्याच्या रक्तातली जुळी कोकरे

दिवाळीनंतर घाट उतरून आलेले धनगरांचे कळप ठाणे जिल्ह्यात मुरबाड-शहापूरकडच्या कापलेल्या भातखाचरांत बसलेले दिसतात. मागच्या हिवाळ्यात अशाच एका वाड्यावर एक धनगरीण तीन दिवसांचे कोकरू दुसऱ्याच मेंढीला पाजत होती, कारण सख्ख्या आईला जुळी झाली होती आणि तिचे दूध एकालाच पुरत होते. दख्खनी मेंढी बहुधा एका वेतात एकच कोकरू देते. जुळे हे अपूर्वाईचे आणि पुष्कळदा अडचणीचेही.

जुळी देणाऱ्या मेंढीच्या लेकी राखल्या म्हणजे कळपात जुळी वाढतील, हा हिशेब सहसा फसतो. वेतातील कोकरांची संख्या मेंढीचे वय, चारा आणि हंगाम यांवर इतकी अवलंबून असते की, बहुतेक जातींत या संख्येतील फरकाचा जेमतेम दहावा हिस्सा आनुवंशिक असतो. शिवाय कळपाचे निम्मे भवितव्य मेंढ्याकडून येते आणि तो स्वतः कधीच वीत नाही; त्याच्यात हा गुण आहे की नाही, हे त्याच्याकडे बघून कळण्याचा मार्गच नाही.

सुंदरबनच्या दलदलीत वाढणारी चिमुकली गॅरोल मेंढी मात्र या नियमाला अपवाद आहे. तिला दोन-तीन कोकरे सहज होतात. १७९२-९३ मध्ये कोलकात्याहून ऑस्ट्रेलियाला गेलेल्या बंगाली मेंढ्यांचा वारसा तिथल्या बुरूला मेरिनो या बहुप्रसू मेंढ्यांत उतरला असावा, असा तर्क होता. या गुणाला कारण असलेला जनुकबदल २००१ मध्ये सापडला आणि पुढच्याच वर्षी तोच बदल गॅरोलमध्येही आढळला, तेव्हा त्या तर्काला भक्कम आधार मिळाला.

हा बदल ‘फेक-बी’ या नावाने ओळखला जातो. मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावरील ‘बीएमपीआर-वन-बी’ या जनुकात डीएनएच्या ‘ए’ या अक्षराऐवजी ‘जी’ हे अक्षर येते आणि त्यामुळे त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाच्या २४९व्या स्थानी ग्लुटामिन या अमिनो आम्लाच्या जागी आर्जिनिन बसते. स्त्रीबीजाभोवतीच्या पेशींना मिळणारा ‘अजून थांब’ हा संदेश त्यामुळे क्षीण होतो. स्त्रीबीज जिच्यात वाढते त्या पिशव्या, म्हणजे बीजपुटिका, नेहमीपेक्षा लहान असतानाच पक्व होतात, आणि एकीच्या जागी दोन-तीन पुटिकांतून स्त्रीबीजे बाहेर पडतात.

नेमके अक्षर सापडण्यापूर्वी गुणसूत्रावर त्याच्या शेजारी असलेल्या ओळखीच्या खुणांवर काम भागवावे लागे. ठाण्यात पत्ता सांगताना आपण ‘तलावपाळीसमोर’ म्हणतो, पण तलाव म्हणजे काही ते घर नव्हे. राहणारा दुसरीकडे गेला तरी तलाव तिथेच राहतो. पिढ्या उलटताना गुणसूत्रांची अदलाबदल होते आणि खूण व जनुक यांची अशीच फारकत होऊ शकते. आता थेट ते अक्षरच वाचता येते. रक्तातील डीएनएचा १९० अक्षरांचा तुकडा वाढवून त्यावर डीएनए ठरावीक जागी कापणारे एक विशिष्ट विकर (एन्झाइम) सोडतात. तुकडा असा बेतलेला असतो की बदललेले अक्षर असेल तरच तो १६० आणि ३० अक्षरांत तुटतो. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक बापाकडची. तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर १९०ची एकच पट्टी दिसली तर बदल नाही, १६०ची दिसली तर दोन्ही प्रतींत आहे, आणि दोन्ही पट्ट्या दिसल्या तर एका प्रतीत आहे. दूध पिणाऱ्या नर कोकराचीही अशी परीक्षा होते.

याच आधारावर फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गॅरोलमधील हा बदल दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. माझ्या मते या कामातला खरा शहाणपणा संख्या ताणण्यात नसून ती आवरण्यात आहे. माळरानावर फिरणाऱ्या मेंढीला तिळी झाली तर ती अशक्त निपजतात आणि त्यांतली काही दगावतात. जुळी मात्र थोडा जादा खुराक देऊन जगवता येतात. बदललेल्या प्रती दोन असल्या तर तिळ्यांची शक्यता वाढते, म्हणून मेंढीत एकच प्रत असणे सोयीचे. दोन प्रती असलेला मेंढा साध्या दख्खनी मेंढ्यांवर सोडला की त्याच्या प्रत्येक लेकीला नेमकी एक प्रत मिळते. त्या लेकींना पुढे साधा मेंढा दाखवला, तर त्यांच्या पिल्लांपैकी साधारण निम्म्यांतच ती उतरते, आणि कोणत्या निम्म्यांत, हे पाहण्यासाठी रक्ताचा थेंब पुन्हा काढावा लागतो.