५डब्ल्यू-३० बघून ऑइल घेताय? डब्याची मागची बाजू पण वाचा

डब्यावर ५डब्ल्यू-३०, गाडीच्या मॅन्युअलमध्येही ५डब्ल्यू-३०, मग झालं की, असं बरेच जण म्हणतात. पण हा आकडा ऑइल किती पातळ किंवा घट्ट एवढंच सांगतो. ५डब्ल्यू म्हणजे थंडीत इंजिन फिरवताना किती वाहतं, त्याची टेस्ट उणे ३० डिग्रीला होते, आणि ३० म्हणजे तापल्यावर, १०० डिग्रीला किती दाट राहतं. आत केमिकल कोणती घातलीत त्याबद्दल एक अक्षर नाही.

आणि खरी भानगड तिथेच आहे. ऑइलमध्ये ॲसिड मारायला आणि इंजिन आतून स्वच्छ ठेवायला कॅल्शियम, मॅग्नेशियमचे डिटर्जंट असतात, झीज कमी करायला झिंक-फॉस्फरसचं संयुग असतं. आता इंजिन थोडंफार ऑइल जाळतंच, ते जळलं की या धातूंची राख होऊन एक्झॉस्टमध्ये जाते आणि डिझेल गाडी असेल तर डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, अडकते. काजळी जाळता येते, रिजनरेशन त्यासाठीच असतं, पण राख म्हणजे आधीच जळून उरलेलं, ती परत काय जळणार! साठत जाते आणि फिल्टर चोंदतो. म्हणून एसीईए, म्हणजे युरोपातल्या गाडी कंपन्यांची संघटना, ऑइलचे वर्ग ठरवते, त्यातल्या सी३ ऑइलला सल्फेटेड राखेची (ऑइल जळून उरणाऱ्या राखेचं माप) मर्यादा ०.८ टक्के आहे आणि ए३/बी४ या वर्गाला १.६ टक्क्यांपर्यंत चालते. दोन्ही डब्यांवर ५डब्ल्यू-३० च लिहिलेलं असू शकतं!

एसीईएच्या वर कंपन्यांचं स्वतःचं अप्रूव्हल असतं, फोक्सवॅगन ५०४ ००/५०७ ००, मर्सिडीज एमबी २२९.५२, बीएमडब्ल्यू लाँगलाइफ-०४ वगैरे. त्यासाठी ऑइल त्या कंपनीच्या इंजिन टेस्टमधून पास व्हावं लागतं. नवीन नंबर म्हणजे जास्त चांगलं असंही नाही हं, फोक्सवॅगनचं ५०८ ०० हे ०डब्ल्यू-२० ऑइल मुद्दाम पातळ ठेवलंय, इंधन वाचावं म्हणून, ते ज्यांच्यासाठी बनलेलं नाही अशा जुन्या इंजिनात टाकलं तर बेअरिंगवरचा ऑइलचा थर कमी पडू शकतो.

लेबलवरचे शब्दही नीट बघा. ‘अप्रूव्हल’ लिहिलं असेल तर गाडीच्या कंपनीने ते ऑइल तपासून मंजूर केलंय, ‘रेकमेंडेड फॉर’ किंवा ‘सुटेबल फॉर’ असेल तर तो ऑइल बनवणाऱ्याचा स्वतःचा दावा. दावा खोटाच असतो असं मी म्हणत नाही, पण वॉरंटीतल्या गाडीत मी तरी ते टाकणार नाही. मॅन्युअलमधल्या कोडचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि सर्व्हिसला डबा उघडायच्या आधी ताडून बघा.